फक्कीची खोली

न्हावाशेव्याहून ड्रायव्हर खेडकरचा फोन:
"दार कुठल्या तोंडाला पाहिजे ते उद्या सकाळपर्यंत सांगा.
एकदा गाडीवर चढवला
की डबा वळत नाही."

एकोणतीस वर्षं मी सातपूरला लेथवर उभा होतो.
दोन मायक्रॉन चुकले तर जॉब भंगारात.
पण दार कुठं असावं
हे मला तिथं कुणी विचारलं नव्हतं.
माझं एवढंच ठरलेलं:
सातपूरकडं पाठ.

गिरणाऱ्याला साडेचार गुंठे.
फाल्गुनात ही काळी माती अशी फाटते
की दहा-अकराचा पाना पडला
तर कोपरापर्यंत हात घालावा लागतो.
अन्सारच्या जेसीबीनं ती हातभर खरवडली.
खाली दगड, वर मुरूम, मुरमावर कच.
रोलर मिळेना,
म्हणून द्राक्षाचे कॅरेट उतरवून कडलगांचा ट्रॅक्टरच
तासभर मागं-पुढं, मागं-पुढं.
चाकांना चिकटून आलेले चार मणी
त्या मुरमात दाबले गेले. राहू दे.

चार कोपऱ्यांना चार ठोकळे.
पाण्याच्या नळीचं एक टोक माझ्याकडं, एक ठकूबाईकडं.
"किती खाली?"
"बोटभर."
तिचं बोट, माझं बोट,
इथंच दीड सुताचा घोळ.
मी खिशातून व्हर्निअर काढतो,
तिच्या बोटाकडं बघतो,
आणि परत ठेवून देतो.

वायरमन गांगुर्डे येऊन तार बघून गेला:
"चौदा फूट. वारा सुटला की साडेतेरा."
दुसऱ्या दिवशी ताण देऊन आला तेव्हा
खांबावरूनच ओरडला, "डब्यात राहणार काय?"
"मी नाही, मशीन राहणार."
कंपनीनं लिलावात काढलेली माझीच लेथ
आठ महिने ताडपत्रीखाली आहे,
ग्रीस फासलेली, हळदीच्या नवरीसारखी.
हे मात्र त्याला सांगितलं नाही.

वळणावरच्या बाभळीची फांदी आड येत होती.
कडलग म्हणाले, "बांध मोडला तर मोडू द्या, पुन्हा घालू.
फांदी तेवढी सकाळी तोडा,
दुपारी तिच्या सावलीला बैल असतो."
सकाळीच तोडली.
दुपारी बैल येऊन उन्हात उभा राहिला
जुन्याच जागी.

मग फक्कीनं आखला चौकोन: वीस बाय आठ.
कागदावर केवढा वाटला होता!
अन्सारच्या पोरानं आत कोलांटउडी मारली,
दुसरी मारताना पाय बाहेर.

दिवस कलला. घमेली गोळा करायला ठकूबाई निघाली
आणि सरळ येण्याऐवजी
रेघेच्या कडेकडेनं वळसा घालून
पूर्वेच्या बाजूनं आत शिरली.
"अशी का आलीस?"
"दार हिकडंच ना?"
"कुणी सांगितलं?"
"सांगाया कशाला पाहिजे? पाऊस तिरमकाकडून येतो.
त्याच्या तोंडात दार ठेवशीला
तं मशिन काय पोहाया शिकवणार?"
तिनं दोन घमेली उचलली
आणि नसलेल्या दारातून
किंचित वाकून बाहेर गेली.

मी खेडकरला फोन लावला. "पूर्वेला."
"पक्कं?"
"पक्कं."

आता रात्र. रेघेच्या आत स्टूल टाकून बसलोय.
मागं ताडपत्री फडफडते,
कडलगांच्या बागेत बॅटरी घेऊन कुणीतरी फिरतंय.
समोर, दाराच्या मापात बरोबर,
सातपूरचे दिवे.
तिसरी पाळी सुरू झाली असेल.
भोंगा इतक्या लांब ऐकू येत नाही,
तरी पावणेबाराला मी उठून उभा राहिलो.

फोन वाजला. "कसारा चढतोय," खेडकर म्हणाला,
"रस्ता रिकामा आहे. जागा रिकामी आहे ना?"
मी स्टूल उचलला.
पायाखालची फक्की थोडी विस्कटली होती,
हातानं सारखी केली,
आणि दारानंच बाहेर आलो.